आधी जास्वंद, मग बाई

चित्रप्रदर्शनात एक गोष्ट हमखास दिसते. तैलरंगातल्या मोठ्या कॅनव्हाससमोर लोक थबकतात, दोन पावलं मागे सरतात, मान तिरकी करतात. कोपऱ्यातल्या भिंतीवर चार-सहा पेन्सिल स्केचेस टांगलेली असतात, त्यांच्यावरून मात्र नजर चालता चालता फिरते. फार तर एक शेरा मिळतो : ‘काय हुबेहूब काढलंय, अगदी फोटो!’ ज्या रेखाटनात फोटोसारखं काहीही नसतं, त्यालाही हाच शेरा मिळतो.

समजा, असंच एक रेखाटन आहे. वहीच्या पानाएवढा कागद. कुंपणावरून आत झुकलेली जास्वंद. तिच्याखाली एक बाई टाचा उंचावून फूल खुडतेय, दुसऱ्या हातात परडी. मागे पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेत. रंग अजिबात नाही. बाईच्या पाठीला तर कडही पुरती नाही. खांद्यापासून निघालेली रेघ कमरेपाशी विरते आणि थेट घोट्याजवळ पुन्हा उगवते. म्हातारबुवांचा चेहरा म्हणजे तीन टिंबं आणि एक आडवी रेघ. तरीही बघणाऱ्याला कळतं, की बाई तरुण नाही, फूल हाताला जेमतेम लागतंय आणि म्हातारबुवा तिच्याकडे नाही, रस्त्याकडे बघतायत. कागदावर जे काढलेलंच नाही, ते दिसतं कसं?

जगात नसलेली रेघ

जास्वंदीच्या पानाभोवती निसर्गाने काळी रेघ ओढलेली नाही. बाईच्या दंडाभोवतीही नाही. तिथे असतो फक्त उजेडातला आणि रंगातला फरक. इथे पानाचं हिरवं संपलं, तिथे भिंतीचा चुना सुरू झाला. त्या सीमेवर चित्रकार रेघ ओढतो ती कुणालाच खोटी वाटत नाही, हे खरं तर नवलच आहे.

याचं उत्तर मेंदूत आहे आणि ते सापडलं थोडंफार अपघाताने. 1950च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेत मांजराच्या मेंदूतल्या, पाहण्याचं काम करणाऱ्या एकेका पेशीची नोंद घेत होते. मांजरापुढच्या पडद्यावर ते काळे-पांढरे ठिपके दाखवत, पण पेशी ढिम्म. एकदा ठिपक्याची काच सरकवताना काचेच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम तडतडू लागली. तिला ठिपक्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला हवी होती कड, तीही ठरावीक कोनातली. दुसऱ्या पेशी दुसऱ्या कोनाच्या कडेला जाग्या होत. या कामासाठी दोघांना 1981 मध्ये नोबेल मिळालं.

म्हणजे समोरच्या दृश्यातून मेंदू कडा फार आधी वेचून काढतो. चित्रकाराची रेघ हेच काम आयतं करून त्याच्या हाती देते. त्यासाठी चित्रं पाहण्याचं शिक्षणही लागत नाही. ज्युलियन हॉकबर्ग आणि व्हर्जिनिया ब्रूक्स यांनी 1962 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका लहान मुलाला त्यांनी जन्मापासून शक्य तितकं चित्रांपासून दूर ठेवलं. खेळणी दिली, वस्तूंची नावं शिकवली, पण ‘हे चित्र कशाचं?’ असं कधी विचारलं नाही. मूल 19 महिन्यांचं झाल्यावर त्याला वस्तूंची रेखाटनं दाखवली. त्याने ती ओळखली.

ओळख पटवायला एवढी रेघ पुरते. पण एखादं रेखाटन पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं ते कशामुळे, हे समजायला पेन्सिल कागदाशी काय करते ते आधी बघायला हवं.

कागदाची किसणी

पेन्सिलच्या टोकात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन, हिऱ्याचा सख्खा भाऊ, पण स्वभाव अगदी उलटा. त्याचे अणू पातळ थरांत मांडलेले असतात. एकेका थरातली पकड घट्ट, पण थराथरांमधली ढिली. जरा दाब पडला की थर सुटून घसरतात. गुळगुळीत दिसणारा कागद भिंगाखाली पाहिला तर धाग्यांचे चढउतार दिसतात. किसणीवर खोबऱ्याची वाटी घासावी तसं ग्रॅफाइट त्या धाग्यांवर घासलं जातं, कीस उंचवट्यांवर अडकतो आणि खळगे कोरे राहतात. आपल्याला जी फिकट करडी छटा दिसते ती प्रत्यक्षात काळ्या कणांची आणि मधून डोकावणाऱ्या पांढऱ्या कागदाची सरमिसळ असते. चांगल्या रेखाटनात सावलीतही उजेड खेळतोय असं वाटतं ते या कोऱ्या राहिलेल्या खळग्यांमुळे.

शाळेत बोटाने घासून शेडिंग करायची सवय अनेकांना लागते. त्यात नेमके हेच खळगे बुजतात, कण चपटे होऊन बसतात आणि सगळीकडे एक मंद, तेलकट चकाकी येते. छाया मऊ होते खरी, पण मेलेली दिसते. घासणं हे काही पाप नव्हे, पण ज्या रेखाटनात गाल, साडी, पान आणि भिंत सगळंच एकसारखं घासलेलं असतं, त्यातून चित्रकाराला या चार गोष्टींतला फरक कळलेला नाही एवढंच कळतं.

पेन्सिल हाताचं ओझं लपवत नाही. दाब वाढला की रेघ जाड आणि काळी होते, हात उचलू लागला की बारीक होत संपते. वेगाने ओढलेल्या रेघेचं टोक निमुळतं होतं. घाबरत, थांबत काढलेल्या रेघेत बारीक गाठी दिसतात. मनगट टेकवून काढलेली रेघ छोट्या कमानीत फिरते, लांब सलग वळण हवं असेल तर कोपर किंवा खांदा हलवावा लागतो. जास्वंदीची वाकलेली फांदी एका झेपेत आलीय की तुकडे जोडत, हे नाक कागदाजवळ नेलं की दिसतं. बाईच्या पाठीच्या रेघेतही तेच पाहावं. पेन्सिल रेखाटनाचा निम्मा आनंद या जवळून पाहण्यात आहे. मोबाइलच्या पडद्यावर तो मिळत नाही.

> चौकट : पेन्सिलवरची अक्षरं
>
> इंग्लंडच्या कंब्रिया भागात, बॉरोडेल इथे सोळाव्या शतकात शुद्ध, घट्ट ग्रॅफाइटचा साठा सापडला. सुरुवातीच्या पेन्सिली म्हणजे त्याचेच कापलेले तुकडे. तोफगोळ्यांच्या साच्यांनाही हेच ग्रॅफाइट लागत असल्याने खाणीवर कडक पहारा असे. पुढे फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं आणि फ्रान्सला हा माल मिळेना. तेव्हा निकोला-झाक काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत मिसळून, कांड्या वळून, भट्टीत भाजून काढल्या. या पद्धतीचं पेटंट त्याला 1795 मध्ये मिळालं.
>
> माती जास्त तर पेन्सिल कडक आणि रेघ फिकट : ती ‘एच’. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी : ती ‘बी’. कंपासपेटीतली ‘एचबी’ मधली. स्केचसाठी साधारण ‘टूबी’पासून ‘सिक्सबी’पर्यंतच्या पेन्सिली वापरतात. अगदी मऊ पेन्सिलही खरा काळा देत नाही, कारण ग्रॅफाइट चकाकतं आणि उजेड परत फेकतं.

एक रेघ दुसरीपाशी थांबते तेव्हा

माणसं आणि झाडं एकाच कागदावर आली की मोठा गुंता होतो तो पुढे काय आणि मागे काय याचा. फांदी हातापुढून जाते, हात पानामागे लपतो, परडीच्या कडेवरून एक देठ खाली लोंबतो. सावल्या नाहीत, रंग नाही. तरी क्रम लागतो.

तो लागतो सांध्यांमुळे. एक रेघ अखंड जाते आणि दुसरी तिच्यापाशी येऊन थांबते. इंग्रजी ‘टी’ अक्षराचा आकार होतो. अखंड गेलेली रेघ पुढच्या वस्तूची, थांबलेली मागच्या वस्तूची, असा निवाडा डोळा विचार न करता देतो. जास्वंदीच्या रेखाटनात बोटांच्या रेघा फुलाच्या कडेपाशी थांबल्या असतील तर फूल पुढे आहे. फुलाची कड बोटांपाशी थांबली असेल तर बाईने ते मुठीत धरलंय. खुडण्यातला सगळा फरक या पाव इंचात असतो.

कसलेला हात इथे एक बारीक युक्ती करतो. मागची रेघ पुढच्या रेघेला टेकवत नाही, केसभर आधीच उचलतो. त्या फटीतून हवा शिरते आणि पान कागदापासून सुटं होतं. नवशिका प्रत्येक रेघ इमानदारीने दुसरीला भिडवतो, मग सगळं पुठ्ठ्यातून कापून चिकटवल्यासारखं सपाट होतं.

मागे गेलेली गोष्ट पलीकडे कुठे उगवते, हेही तपासून पाहण्यासारखं असतं. फांदी दंडामागे गेली, तर दुसऱ्या बाजूला योग्य जागी निघायला हवी. हे वाटतं त्याहून अवघड आहे. तिरकी रेघ एका रुंद पट्ट्यामागून गेली की तिचे दोन तुकडे एका ओळीत असूनही सरकलेले दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ याने 1860 मध्ये या दृष्टिभ्रमाची नोंद केली आणि तो त्याच्या नावाने ओळखला जातो. त्यामुळे पट्टी लावून बरोबर असलेली फांदी डोळ्याला मोडकी वाटू शकते आणि चित्रकाराला कधी कधी चूक करून ती बरोबर दिसेल असं पाहावं लागतं.

चेहऱ्याला माफी नाही

माणूस आणि झाड एकत्र काढलेल्या रेखाटनात बहुतेकांची नजर माणसाच्या चेहऱ्यावर जाते. हे स्वाभाविक आहे. चेहरे ओळखण्यात मेंदूचा एक खास भाग गुंतलेला असतो. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये त्याचं वर्णन केलं. चेहऱ्याच्या बाबतीत आपण इतके तरबेज असतो, की डोळा पेन्सिलच्या टोकाएवढा वर गेला तरी ‘काहीतरी चुकलंय’ असं लगेच जाणवतं. पायरीवरच्या म्हातारबुवांना तीन टिंबं पुरतात ती याच तरबेजपणामुळे, आणि त्यातलं एक टिंब हललं तर त्यांचा चेहरा बिघडतो तोही त्याचमुळे.

झाडाला अशी शिक्षा नाही. जास्वंदीचं एक पान कमी काढलं, एक फांदी बोटभर डावीकडे सरकवली, तरी कुणाचं लक्ष जाणार नाही. म्हणून चेहरा काढताना चित्रकार धास्तावलेला असतो, मोजूनमापून चालतो. झाडाकडे वळला की हात सैल सुटतो. त्याची खरी चाल, त्याचा आळस, त्याचं निरीक्षण, सगळं तिथे उघडं पडतं. तेव्हा अशा रेखाटनाची गोडी कळायची तर सुरुवात झाडापासून करावी. चेहरा कुठे पळून जात नाही.

झाडात बघायचं काय? तुळशीची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात असते. कण्हेरीला बहुधा एका पेरावर तीन पानं. जास्वंदीला एकाआड एक. जास्वंदीच्या फुलातला मधला दांडा पाकळ्यांच्या बाहेर डोकावतो आणि त्याच्या टोकाला पाच बुटकुल्या असतात. हे सगळं कागदावर यायलाच हवं असं नाही. पण ज्याने झाड नीट पाहिलंय, त्याच्या चार घाईच्या फटकाऱ्यांतही हा क्रम शिल्लक राहतो. न पाहणाऱ्याची पानं शिक्का मारल्यासारखी येतात : सगळी समोरून दिसणारी, सगळी एका मापाची, सगळी बदामाच्या आकाराची. खऱ्या फांदीवर काही पानं पाठ दाखवतात, काही फक्त धार दाखवतात, एखादं मधूनच दुमडलेलं असतं. दुमडलेल्या पानाची मधली शीर घडीवरून पलीकडे नीट वळवणं हे आपल्याकडे रोखलेल्या हाताचं कोपर काढण्याइतकंच कठीण. ज्याला एक जमतं त्याला बहुधा दुसरंही जमतं.

खोडापासून शेंड्यापर्यंतच्या जाडीचा हिशेबही बघावा. लिओनार्दो दा विंचीने आपल्या वहीत नोंदवलंय, की झाडाच्या कोणत्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते. नियम ढोबळ आहे, पण फांदी फुटल्यावरही जाडी तशीच राहिली की झाड नळाच्या पाइपांसारखं का दिसतं, ते यावरून समजतं.

झाडं हुबेहूब काढणं हा एक वेगळाच व्यवसाय आहे, आणि त्याचा एक मोठा नमुना पुण्याच्या जवळ घडला. दापोडीच्या वनस्पती उद्यानात अलेक्झांडर गिब्सन यांनी 1840च्या दशकाच्या अखेरीस एका इंडो-पोर्तुगीज चित्रकाराकडून तिथल्या वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आता एडिंबराच्या राजेशाही वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. जलरंगातल्या त्या चित्रांचं काम वनस्पती ओळखू येणं हे होतं. पाकळ्या, परागकोश, शेंग सगळं मोजता यायला हवं. स्केचची अट उलटी. तिथे मोजणी चुकली तरी चालते, झाड उभं कसं आहे ते चुकून चालत नाही.

हेग, 1882

माणूस आणि झाड एकाच हाताने, एकाच भावनेने काढणं म्हणजे काय, हे पाहायचं तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या 1882 सालच्या कामाकडे जावं. सूर्यफुलं अजून सहा वर्षं दूर होती. एकोणतिशीतला व्हिन्सेंट तेव्हा नेदरलँड्समधल्या हेग शहरात राहत होता. पैसे धाकटा भाऊ थिओ पाठवायचा. रंग महाग, म्हणून आणि आधी रेखाटन पक्कं व्हायला हवं या हट्टापायीही, दिवसरात्र कागद काळे करणं चाललं होतं.

त्या जानेवारीत त्याची गाठ सीन होर्निकशी पडली. ती गरोदर होती, पोटासाठी देहविक्रय करत होती आणि एकटी होती. ती त्याची मॉडेल झाली आणि नंतर घरातली बाई. एप्रिलमध्ये त्याने तिला विवस्त्र बसवून काढलं. गुडघ्यांवर हात, हातांत खुपसलेलं डोकं, चेहरा दिसतच नाही. त्याने त्यावर इंग्रजीत ‘सॉरो’ म्हणजे दुःख असं लिहिलं आणि खाली फ्रेंच लेखक मिशले याचं एक वाक्य. तोवर काढलेल्या मानवाकृतींत ही आपली सर्वांत चांगली, असं त्याने थिओला कळवलं. याच्या एकाहून अधिक प्रती आहेत. इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या कलासंग्रहालयात असलेली प्रत काळ्या खडूतली आहे. काटेकोर बोलायचं तर ती पेन्सिल नव्हे. पण शिकण्यासारखं त्यातच फार आहे.

चेहरा झाकून टाकल्यामुळे मेंदूच्या त्या तरबेज भागाला काही कामच उरत नाही. नजर मग पाठीवर जाते. मानेपासून खाली येणारी ती रेघ ठाम आहे, जवळपास कोरल्यासारखी. पाठीचा कणा, लोंबणारे स्तन, पोटाचा फुगार यांची सजावट केलेली नाही, सूटही दिलेली नाही. आणि या सगळ्याभोवती झाडपाला आहे : पायाशी जमिनीतून वर आलेली छोटी रोपटी, बाजूला झुडपाच्या फांद्या. बाई आत वळून मिटलेली, रोपटी बाहेर उघडणारी. वसंताच्या या खुणा बाईसाठी आशा म्हणून आहेत असं अनेक अभ्यासक म्हणतात. तसं असेलही. पण ‘आशा’ हा शब्द बाजूला ठेवून नुसत्या रेघा पाहिल्या तरी दोन विरुद्ध हालचाली दिसतात, आणि त्या ताणामुळेच चित्र अंगावर येतं.

1 मेच्या सुमारास त्याने थिओला या रेखाटनाच्या मोठ्या प्रतीबद्दल लिहिलं आणि सोबत आणखी एका चित्राबद्दल : वाळूच्या जमिनीतली झाडाची मुळं. ते चित्र आज ओटर्लो इथल्या क्रॉलर-म्युलर संग्रहालयात आहे. त्याचं म्हणणं असं होतं, की माणसाच्या आकृतीत जी भावना आहे तीच निसर्गात उतरवायचा प्रयत्न केलाय. वादळाने अर्धी उपटलेली, तरी जीव खाऊन जमिनीला धरून राहिलेली मुळं. त्या काळ्या, गाठाळ मुळांत आणि त्या पांढऱ्या सडपातळ बाईत जगण्याची झटापट एकच आहे. नुसत्या पेन्सिलने काढलं असलं तरी आपण ते रंगवल्यासारखं केलंय, पेन्सिलवर पेन्सिल चढवून पुन्हा खरवडून काढलंय, हेही त्याने आवर्जून सांगितलं. (चित्रात शाई आणि रंगाचे हातही आहेत.)

दोन्ही रेखाटनं शेजारी ठेवून पाहिली, की मुळांच्या गाठी बोटांच्या पेरांसारख्या वाटू लागतात. हा योगायोग नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने लिहिलं, की झाडांत आपल्याला जणू जीव दिसतो. छाटलेल्या विलो झाडांची रांग कधी कधी वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या मिरवणुकीसारखी दिसते. डच शेतकरी विलोच्या फांद्या दर काही वर्षांनी डोक्याच्या उंचीवर छाटत. त्यामुळे बुंध्याच्या माथ्यावर गाठींचा गोळा आणि त्यावर उभ्या काटक्या असं त्याचं रूप होतं. आश्रमातले म्हातारे तर तो रोजच्या रोज काढत होता. आड्रियानस झाउडरलँड नावाचा वृद्ध त्याचा नेहमीचा मॉडेल. डोकं हातांत धरून खुर्चीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं नोव्हेंबर 1882 मधलं पेन्सिल रेखाटन प्रसिद्ध आहे. आधी विलो पाहून मग या म्हाताऱ्याकडे वळावं. कोटाच्या चुण्यांतल्या रेघा खोडाच्या सालीवरच्या रेघांसारख्याच ओढलेल्या आहेत : आखूड, दाबून, वरून खाली.

ही ताकद साधनातूनही येत होती. त्याला नाजूक, महागड्या पेन्सिली फारशा रुचत नसत; सुताराची जाड पेन्सिल आवडे. सुताराच्या पेन्सिलचं टोक गोल नसतं, चपटं असतं. आडवं धरलं तर पट्टा, उभं धरलं तर धार. ग्रॅफाइटची चकाकी मात्र त्याला खटके. उपाय म्हणून तो पुऱ्या झालेल्या रेखाटनावर दूध-पाणी शिंपडायचा. दुधाने कण कागदाला चिकटून बसत आणि चकाकी जाऊन मखमली काळा उतरे. असलं ओलं काम सोसायचं तर कागदही जलरंगाचा जाड लागायचा.

न काढलेलं मोगऱ्याचं फूल

पेन्सिलला पांढरा रंग देता येत नाही. तिच्याकडे जो काही पांढरा आहे तो कागदाचा. मग मोगऱ्याचं फूल काढायचं कसं? फूल काढायचंच नाही, त्याच्या मागची पानं काळी करायची. पानं जितकी गडद तितकं फूल उजळ दिसतं, कागद मात्र तोच. फ्रान्सच्या गोबेलॅं कारखान्यातल्या रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांनी 1839 मध्ये या परिणामाची सविस्तर मांडणी केली होती. शेजाऱ्यामुळे रंग बदललेला भासतो, हे त्यांना लोकरीच्या धाग्यांच्या तक्रारी तपासताना उमगलं. पांढऱ्या नऊवारीतली आजी आणि तिच्यामागचं केळीचं बन अशा रेखाटनात लुगड्यावर एकही रेघ नसेल, तर समजावं की चित्रकाराने सगळी मेहनत केळीवर केलीय.

कागद सोडण्याचा वेगळा धडा फ्रेंच चित्रकार अँग्र याच्या पेन्सिल व्यक्तिचित्रांत मिळतो. नेपोलियन पडल्यावर रोममधले त्याचे फ्रेंच आश्रयदाते गेले आणि पोटासाठी तो प्रवाशांची छोटी पेन्सिल व्यक्तिचित्रं काढू लागला. व्हायोलिनवादक पागानिनीचं 1819 मधलं चित्र त्यातलंच. चेहरा इतका बारीक, की पापण्या मोजाव्यात. कोटाची बाही मात्र चार-दोन रेघांत निपटलेली. डोळा जिथे रेंगाळतो तिथे तपशील, जिथून सरकतो तिथे इशारा. प्रत्यक्ष पाहण्यातही आपलं असंच चाललेलं असतं. कुठल्याही क्षणी नजरेच्या मधला छोटा भागच तेवढा स्पष्ट दिसतो.

प्रश्न घेऊन बघणं

अल्फ्रेड यार्बुस हा रशियन शास्त्रज्ञ लोकांच्या नजरेचा माग काढायचा. इल्या रेपिनच्या एका चित्रात हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात शिरतो. यार्बुसने लोकांना हे एकच चित्र वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. घरातल्यांची वयं विचारली की नजर चेहऱ्यांवर. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की सामानसुमानावर आणि कपड्यांवर. चित्र तेच, नजरेची वाट दर वेळी निराळी.

जास्वंदीच्या रेखाटनापुढे म्हणूनच एखादा प्रश्न घेऊन उभं राहिलेलं बरं. ‘सुंदर आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याने नजर कुठेच जात नाही. बाईचं वजन कुठल्या पायावर आहे, हा कामाचा. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला आणि तो चवड्यांवर पडला नाही, तर ती त्या कागदावर पडत असली पाहिजे. फांदी बाईच्या ओढीने वाकलीय की फुलांच्या भाराने, हाही कामाचा, कारण दोन वाकण्यांची वळणं वेगळी असतात. उजेड झाडावर आणि बाईवर एकाच बाजूने येतोय का? पुष्कळदा नसतो, झाड सकाळी काढलेलं असतं आणि माणूस दुपारी घातलेला असतो. कोणती रेघ सर्वांत शेवटी ओढली असेल? ती बहुधा सर्वांत काळी असते, आणि चित्रकाराला काय महत्त्वाचं वाटलं ते तीच सांगते.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांमुळे महाराष्ट्रात पेन्सिल हातात धरलेली माणसं घरोघर सापडतात. स्मरणचित्रात बाजार, जत्रा, पाणवठा काढताना माणसं आधी संपवून उरलेल्या जागेत झाडं कोंबायची, हा त्यांतल्या बहुतेकांचा शिरस्ता. निदान माणसं तरी नेमकी कशी टिपावीत, ते चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांचं काम पाहताना कळतं. 1890 मध्ये विद्यार्थी म्हणून सर जे. जे. स्कूलमध्ये आलेले धुरंधर 1931 मध्ये निवृत्त झाले. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी या एकेचाळीस वर्षांचंच नाव दिलं. मुंबईतले फेरीवाले, कोळणी, टांगेवाले, लग्नघरातल्या बायका त्यांनी आयुष्यभर टिपल्या. 2018 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. नेसण्याची तऱ्हा आणि उभं राहण्याची ढब यांवरून माणूस कोण ते ओळखू यावं, इतकी त्यांची नजर नेमकी.

अशी मूळ रेखाटनं पाहायला मिळाली तर एक करून बघावं. समोर उभं राहून झालं की एका बाजूला सरकून तिरक्या उजेडात कागद न्याहाळावा. जिथे हात जोराने दाबला गेला तिथे ग्रॅफाइट चमकतं, खोडलेल्या रेघांचे चर दिसतात आणि आधी बाईचा हात कुठे होता, फांदी कुठून नेली होती, हे बाद झालेले बेतही वाचता येतात. छापील पुस्तकात यातलं काही येत नाही.

ती पाहायला मिळणं मात्र सोपं नसतं. ग्रॅफाइटला उजेडाची भीती नाही, ते शतकानुशतकं टिकतं. कागदाला आहे. लाकडाच्या लगद्याचा कागद उजेडात पिवळा आणि ठिसूळ होतो. त्यामुळे संग्रहालयं कागदावरची कामं साधारण 50 लक्सच्या मंद उजेडात, तीही थोडेच महिने मांडतात आणि मग पुन्हा अंधाऱ्या कपाटात ठेवतात. व्हॅन गॉगची मुळं असोत की आपल्याकडची एखादी स्केचवही, खास त्यासाठी वाट वाकडी करून जायचं असेल तर सध्या ती भिंतीवर आहे का, हे आधी विचारून घ्यावं. काही ठिकाणी अभ्यासासाठी अर्ज केला तर रेखाटन कपाटातून काढून टेबलावर ठेवतात. लिहायला मात्र पेन्सिल सोडून पेन वगैरे बहुधा आत नेऊ देत नाहीत.